बॅटरी गेली म्हणण्याआधी: चार्ज न होणारा लॅपटॉप घरी कसा तपासावा

मृग लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत छपरांवर प्लास्टिक चढतं, लाकडं आत येतात आणि माझ्या ओसरीवर लॅपटॉप यायला लागतात. मी हायस्कुलात संगणक शिकवतो. दुरुस्तीचं दुकान माझं नाही, पण ‘सरांना कळतं’ अशी वाड्यावर एकदा हवा झाली की सुटका नसते. आणणाऱ्याचं वाक्यही ठरलेलं असतं: “सर, बॅटरी गेली, केवढ्याला पडेल?”

खरं म्हणजे बॅटरी गेलेली नसतेच बऱ्याचदा. बिघाड तिच्या अलीकडेच कुठेतरी अडून बसलेला असतो. वीज भिंतीतल्या पॉइंटमधून निघते, चार्जरच्या ठोकळ्यात शिरते, वायरीतून पिनेपर्यंत येते, पिनेतून जॅकमध्ये (लॅपटॉपच्या अंगावरचं पिन बसायचं भोक), जॅकमधून मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटवर) आणि तिथून शेवटी बॅटरीत. आपणही त्याच वाटेनं, तिच्याच क्रमानं चालायचं. मधला मुक्काम गाळायचा नाही. शेवटून सुरुवात करणारा माणूस आधी नवी बॅटरी आणतो आणि मग त्याला कळतं की एक्स्टेन्शनचं बटणच जळलेलं होतं.

निघण्याआधी मात्र एकच गोष्ट शेवटच्या टोकाची बघून घ्या, कारण ती जिवाशी खेळ आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवा. डुगडुगतो का? टचपॅड वर उचलला गेलाय का, किंवा दाबला तरी क्लिक होत नाही असं झालंय का? झाकण मिटल्यावर एका कोपऱ्यात फट राहते का? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि हा लेख इथेच सोडून जाणकाराकडे जा. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचून ‘हवा काढू’ नये, आणि ‘आजचा दिवस काम होऊ दे’ म्हणून पुन्हा चार्जिंगला तर अजिबात लावू नये. लिथियमची बॅटरी पेटली तर घरातल्या बादलीभर पाण्याला दाद देत नाही.

भिंत

ज्या पॉइंटला चार्जर लावता त्याच पॉइंटला टेबल-फॅन लावून बघा. मोबाइलचा चार्जर लावून बघू नका. तो इतका कमी करंट घेतो की अर्धवट टेकलेल्या पॉइंटवरही चालतो आणि आपली फसगत करतो. पंखा सुरू असताना प्लग हलका हलवा. पंखा अडखळला किंवा आतून तडतड ऐकू आली, तर पॉइंटच्या आतले पत्रे सैल झालेत. पावसात भिंतींना ओल धरणाऱ्या जुन्या कौलारू घरांत हे फार होतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, पॉइंट बदलून घ्या.

‘व्होल्टेज कमी आहे म्हणून चार्ज होत नाही’ हे आपल्याकडचं आवडतं कारण. पण चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात वाचा: १००–२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आपल्या घरात यायला हवेत २३०. ते उतरून १६० वर आले तर पंखा रडतखडत फिरेल, ट्यूबलाइट लुकलुकेल, पण लॅपटॉपचा चार्जर निमूटपणे काम करत राहील. तेव्हा कमी व्होल्टेजला दोष देण्याची घाई नको. दोष द्यायचाच तर जुन्या पद्धतीच्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरला द्या. त्यावर काही चार्जर गुणगुणतात, तापतात, मध्येच बंद पडतात. लाईट गेलेली असताना चार्जिंग होत नाही आणि आली की होतं, असं असेल तर उत्तर सापडलं.

गोव्याची आणखी एक खास अडचण म्हणजे परदेशातून आलेले लॅपटॉप. कुणाचा भाऊ दुबईला, कुणाची आते लंडनला, कुणाचा चुलता पोर्तुगालला. आखातातल्या आणि इंग्लंडच्या चार्जरला तीन चपट्या, चौकोनी पिना असतात. पोर्तुगालच्या प्लगला दोन गोल. मग बाजारातला पांढरा कन्व्हर्टर येतो, त्यात प्लग, तो कन्व्हर्टर एक्स्टेन्शनमध्ये, अशी उतरंड रचली जाते आणि तिच्यात कुठे ना कुठे काहीतरी सैल राहतंच. ठोकळा बदलायची गरज नाही. ठोकळ्यापासून भिंतीपर्यंतची वायर बहुतेक चार्जरमध्ये सुटी निघते. तीन पाकळ्यांच्या तोंडाची आपल्याकडच्या प्लगची वायर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. ती आणा आणि कन्व्हर्टर फेकून द्या.

याच उतरंडीमुळे दुसरीही तक्रार येते: “लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात.” दोन गोल पिनांचा प्लग आपल्या पॉइंटमध्ये कसाबसा बसतो, पण त्याचं अर्थिंग जुळत नाही. चार्जरमधल्या फिल्टरमधून गळणारा किंचित करंट मग धातूच्या अंगावर येतो. वायर बदलली की बहुधा थांबतं. वायर बदलूनही थांबलं नाही तर घराचं अर्थिंग तपासून घ्या, ते लॅपटॉपपेक्षा महत्त्वाचं.

मागच्या गणेश चवथीला आमच्याच घरात गंमत झाली. माटोळीवर (गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-फुलांच्या छतावर) लाइटच्या माळा, देवापुढे फिरतं चक्र, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि हे सगळं दोन एक्स्टेन्शनवर. पुतण्याचा लॅपटॉप पाच मिनिटं चार्ज व्हायचा, थांबायचा, पुन्हा व्हायचा. सगळे मिळून बॅटरीला नावं ठेवत होते. मी चार्जर काढून थेट बाहेरच्या खोलीतल्या पॉइंटला लावला आणि आरतीला बसलो. आरतीतलं घुमट वाद्य थांबेपर्यंत टक्के बऱ्यापैकी चढले होते. एक्स्टेन्शनचं बटण उघडलं तर आत काळं पडलेलं.

चार्जर

ठोकळ्यावर दिवा असेल तर पॉइंटला लावून तो लागतो का बघा, मग पिन लॅपटॉपमध्ये घाला. पिन घालताच दिवा विझला तर लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा चार्जर भार सोसत नाही. दिवाच नसेल तर हात लावून बघा. तासभर लावलेला चार्जर कोमट असायला हवा. थंडगार असेल तर तो बहुधा काम करत नाही. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर त्याला निवृत्त करा.

मग वायरीवरून बोटं फिरवा, सावकाश. वायर तुटते ती बहुधा दोनच ठिकाणी: ठोकळ्यातून बाहेर पडते तिथे आणि पिनेच्या गळ्याशी. चार्जर ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची सवय याला कारणीभूत असते. मधेच कुठे साल सोललेली दिसली तर ते उंदराचं काम. चिकटपट्टी लावून भागवू नका.

दुसऱ्याचा चार्जर लावून बघणं ही सगळ्यात चांगली परीक्षा, पण कुणाचाही लावून चालत नाही. ठोकळ्यावर ‘आउटपुट’ पुढे दोन आकडे असतात. समजा १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार ६५, म्हणजे हा ६५ वॉटचा चार्जर. नियम असा: व्होल्ट जुळायला हवेत (१९ आणि १९.५ मधला फरक चालून जातो), अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत, आणि पिन तीच हवी. जास्त अँपिअरचा चार्जर लॅपटॉप ‘जाळत’ नाही; मशीन हवा तेवढाच करंट ओढतं. उलट कमी वॉटचा लावला की घोळ होतो. ६५ वॉट मागणाऱ्या मशीनला ४५ चा दिला, की लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी भरत नाही, किंवा मशीन बंद केल्यावरच भरते. गेमिंगचे लॅपटॉप तर १८० वॉटच्या वरही मागतात.

डेल आणि एचपीच्या बऱ्याच गोल पिनांच्या मधोमध सुईसारखा एक बारीक काटा असतो. वीज त्यातून येत नाही. चार्जर कुठला, किती वॉटचा ही ओळख त्यातून पटते. हा काटा वाकला किंवा तुटला की लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण अनोळखी चार्जरकडून बॅटरी भरून घ्यायला नकार देतो. मशीन सुरू होताना चार्जरचा प्रकार ओळखता आला नाही असा मजकूर आला तर आधी हा काटा टॉर्च मारून बघा. स्वस्तातले डुप्लिकेट चार्जरही नेमके इथेच नापास होतात.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आतल्या बाजूला आणि काळं बाहेरच्या पत्र्याला. ठोकळ्यावर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास रीडिंग यायला हवं. दोन टोकं एकमेकांना टेकवू नका. नसेल मल्टिमीटर तर त्यासाठी विकत घेऊ नका.

टाइप-सी असेल तर

हल्लीच्या पातळ लॅपटॉपना मोबाइलसारखी टाइप-सी पिन असते आणि इथे गोंधळ दुप्पट. पिन बसली म्हणजे चार्ज होईलच असं नाही. लॅपटॉपला दोन टाइप-सी तोंडं असतील तर त्यातलं एक नुसतंच डेटासाठी असू शकतं. शेजारी बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह आहे का बघा. चार्जर ‘पॉवर डिलिव्हरी’चा हवा, जो लॅपटॉपशी बोलून ५ व्होल्टवरून २० पर्यंत चढतो. मोबाइलचा साधा चार्जर ५ किंवा ९ वरच घुटमळतो आणि ‘स्लो चार्जर’ असा शेरा पडद्यावर येतो. तिसरी गोष्ट केबल. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट नेते. १०० वॉटसाठी आत चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. चार्जर शंभराचा आणि केबल मोबाइलची, हे जोडपं मी कितीदा तरी पाहिलंय.

पिन, जॅक आणि आपली हवा

इथे जरा थांबूया, कारण गोव्यात निम्मी भानगड हवेची. देवघरातली पितळेची समई चार दिवस घासली नाही तर काळवंडते. तीच हवा जॅकच्या आतल्या पत्र्यांनाही लागते. मोरजी, हरमल, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याच्या गावांत खारा वारा बारा महिने, आणि आमच्यासारख्या आतल्या भागात पावसाळ्याचे चार महिने ओल. पत्र्यावर हिरवट-पांढरा थर धरतो, पिन बसते पण टेकत नाही. खूण सोपी: पिन जरा वाकडी धरली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद.

मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा. टॉर्च मारून आत बघा. टाइप-सीच्या तोंडात कापसाचा लगदा साचलेला असतो, तो लाकडी टूथपिकनं हलकेच काढा. सुई, टाचणी, हेअरपिन नको. आतली बारीक जीभ मोडली तर जॅकच बदलावा लागेल. हिरवट थरासाठी मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घ्या, दोनदा फिरवा, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. खोबरेल तेल, रॉकेल, सॅनिटायझर यांपैकी काहीही नको. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकटा दोन्ही असतात.

मुंग्यांचंही सांगतो. पहिल्या पावसात त्या कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? एका वहिनींच्या लॅपटॉपच्या जॅकमधून मी अंड्यांसकट अख्खं बिऱ्हाड बाहेर काढलं आहे. टेबलाच्या पायांना खडूची रेघ मारा आणि लॅपटॉपशेजारी चहा-बिस्किटं ठेवू नका.

दव हा तिसरा चोर. पणजीच्या एसी ऑफिसातून निघालेला लॅपटॉप कदंबाच्या बसमधून घरी येतो तेव्हा बाहेरची हवा दमट आणि मशीन गार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं पाणी त्याच्याही अंगाला, आतून-बाहेरून, सुटू शकतं. घरी आल्या आल्या चार्जर खुपसू नका. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, चहा घ्या, मग लावा.

आणि खरंच भिजला असेल तर तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ फारशी ओल ओढत नाही, वर त्याचा भुसा जॅकमध्ये जातो. बंद करून, उलटा, पंख्याखाली ठेवा आणि जमेल तितक्या लवकर उघडून साफ करायला द्या.

पिन साफ आहे, चार्जर चांगला आहे, तरी जॅक आत-बाहेर हलतो? मग तो सुटलाय. काही मशीनमध्ये जॅक छोट्या वायरीवर असतो, अर्ध्या तासाचं काम; काहींत तो मदरबोर्डलाच डाग दिलेला असतो, तिथे हात सराईत हवा. कुठला आहे ते विचारूनच भाव ठरवा.

मशीनच ‘पुरे’ म्हणत असेल तर

गेल्या वर्षी एका मुलीचे बाबा नवी बॅटरी बसवून आले. तरी आकडा ६० टक्क्यांवर अडलेला. दुकानवाल्यानं दुसरी बॅटरी लावून दिली, तीही ६० वर. मी कंपनीचं ॲप उघडलं, ‘कन्झर्व्हेशन मोड’ बंद केला, आकडा पुढे सरकला. दोन बॅटऱ्यांपैकी एकीचीही गरज नव्हती.

लिथियम बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली ठेवली की लवकर म्हातारी होते. म्हणून लॅपटॉप जास्त करून चार्जरवरच वापरणाऱ्यांसाठी कंपन्यांनी ही अट घालून ठेवली आहे. लेनोव्होत ती व्हँटेज ॲपमध्ये असते, असुसमध्ये मायअसुसमध्ये, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. ॲपलचं मॅकबुक स्वतःच्या अंदाजानं ८० वर थांबतं. तेव्हा आकडा ६० किंवा ८० अशा गोल संख्येवर अडला असेल तर तो बिघाड नाही, सेटिंग आहे. माझं मत विचाराल तर ते चालूच ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढं बंद करा. ९६-९७ वर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसणं हेही बऱ्याच मशीनमध्ये नेहमीचं.

उष्णतेचंही तसंच. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज व्हावी अशी बांधलेली असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतून काढलेला किंवा गादीवर ठेवून तापवलेला लॅपटॉप चार्जिंग थांबवतो. निवू द्या.

रिसेट

इथवर सगळं ठीक निघालं तर हे करा. मशीन बंद, चार्जर बाहेर, माउस-पेनड्राइव्ह बाहेर. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग आधी फक्त चार्जर लावून सुरू करून बघा. चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप कधीकधी विजेच्या झटक्यानंतर हटून बसते, ती यानं ताळ्यावर येते. मेघगर्जनेच्या दुसऱ्या दिवशी आलेले काही लॅपटॉप माझ्याकडे एवढ्यावरच बरे होऊन गेलेत. (ढग वाजायला लागले की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.)

विंडोजमध्ये आणखी एक उपाय: डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘बॅटरीज’ खाली ‘एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ असं नाव दिसेल, ते अनइन्स्टॉल करून मशीन रिस्टार्ट करा. घाबरू नका, ते आपोआप परत येतं.

आता बॅटरी

विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडा. इंग्रजी अक्षरांत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ सलग लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती कुठे आहे तेही तिथेच लिहून येतं. ब्राउझरमध्ये उघडल्यावर ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे शोधा. पहिला ४५,००० आणि दुसरा २७,००० असेल तर बॅटरीत ६० टक्के जीव उरलाय. निम्म्याखाली गेली असेल तर बदलायला हरकत नाही. रिपोर्टमध्ये बॅटरीचं नावच आलं नाही तर ती मशीनला दिसतच नाही: आतला कनेक्टर निसटलाय किंवा बॅटरीच्या सर्किटनं स्वतःला कुलूप लावलंय.

आपल्याकडे बोटीवर कामाला जाणारे पुष्कळ. सहा-आठ महिन्यांनी परत आले की कपाटातला लॅपटॉप मेलेला. पूर्ण रिकामी होऊन पडलेली बॅटरी सुरुवातीला अगदी थेंबथेंब करंट घेते, कधी पडद्यावर काहीच दिसत नाही. दोन-तीन तास चार्जर लावून, कुणीतरी घरात असताना, वाट बघा आणि मगच निकाल द्या. पुढच्या वेळी जाताना साधारण निम्मी भरून, बंद करून ठेवा.

नवी घ्यायची झाल्यास लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागू नका. बॅटरीच्याच अंगावर छापलेला पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवा, बनवल्याची तारीख वाचा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू-ड्रायव्हर हातातही घेऊ नका. जुनी बॅटरी सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नाही. तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावून विक्रेत्याकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे मागायला लाजू नका.

बॅटरीही चांगली निघाली, तर मदरबोर्डवरची चार्जिंगची चिप किंवा तिच्या आसपासचं काहीतरी गेलंय, आणि ते घरचं काम नव्हे. म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव इथे चिप-लेव्हलचं काम करणारे आहेत. जाताना स्वतःचा चार्जर बरोबर न्या आणि एका चिठ्ठीवर लिहून द्या: कुठला चार्जर लावून पाहिला, दिवा लागतो की नाही, बंद असताना चार्ज होतो का, रिपोर्टमधले दोन आकडे काय. चिठ्ठी वाचून समोरच्यानं लगेच “बॅटरी बदलावी लागेल” म्हटलं, तर लॅपटॉप उचला आणि पुढच्या दुकानात जा.